रेणुका पहिल्या रिंगला फोन उचलायची: कोरेगाव ते जत

गिरिजाच्या घरी फोन लावला की तो पहिल्या रिंगला उचलला जायचा. मला त्याचं भारी कौतुक. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना चार वेळा फोन करावा तेव्हा ते "मीटिंगमध्ये आहे" एवढं सांगायला उचलतात, आणि इथे दूर जत तालुक्यातल्या एका वस्तीवर रिंग पुरती वाजायच्या आत "हॅलो, मावशी!" ऐकू यायचं.

ओळख करून देते. गिरिजा वीस वर्षांची, बारावी झालेली, बी.ए.चा अभ्यास घरून करणारी आणि उरलेला दिवस रानात राबणारी मुलगी. माझी मैत्रीण मेधा एक छोटीशी संस्था चालवते. गावातल्या तरुण पोरापोरींनी आपल्या गावात काय बदलायचं ते स्वतः ठरवायचं, स्वतः करायचं, आणि मेधानं त्यांच्या पाठीशी उभं राहायचं, असं तिच्या कामाचं स्वरूप. मी निवृत्त शिक्षिका. जन्मभर वक्तृत्व स्पर्धेची मुलं तयार केली. त्यामुळे मेधानं माझ्यावर काम सोपवलं, की गिरिजाला ग्रामसभेत पाण्याच्या प्रश्नावर बोलायचंय, तिची फोनवर तयारी करून घे.

मी लगेच कामाला लागले. भाषण लिहिलं, कुठं थांबायचं, कुठं आवाज चढवायचा, सगळं ठरवलं. पण गिरिजा सापडेल तर ना! घरातला एकुलता एक मोबाईल घरीच असायचा आणि तो उचलायची तिची धाकटी बहीण रेणुका, इयत्ता आठवी. "अक्का रानात गेलीया, मावशी. आली की सांगते." आवाज इतका गोड, की मी तिच्याशीच गप्पा मारत बसायची.

एकदा मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला बोलता बोलता मी विचारलं, "रेणुका, आज शाळेला सुट्टी का गं?"

"न्हाई की. साळा हाय."

"मग तू घरी कशी?"

"टँकर यायचाय न्हवं!" तिनं असं सांगितलं, जसं काही मी सूर्य कुठे उगवतो ते विचारलं होतं.

टँकर कधी येईल ते कुणालाच माहीत नसतं. सकाळी नऊला येतो, दुपारी तीनला येतो, एखाद्या दिवशी येतच नाही. आला की दारासमोरची बॅरलं भरून घ्यायला घरात माणूस लागतं. आईवडील रानात, मोठी बहीण रानात, म्हणून रेणुका थांबते. दिवाळीनंतर ती शाळेत गेली ती अशीच, अधूनमधून. गिरिजाला ग्रामसभेत बोलायचं होतं ते नेमकं याबद्दल, आणि मी तिच्या भाषणात "पाणी हेच जीवन" घालून बसले होते. मग मेधा म्हणाली, "ग्रामसभेला मी चाललेय, येतेस का?" तेव्हा मी आधी पिशवी भरली आणि मग हो म्हटलं.

फेब्रुवारी संपत आला होता. मेधाची जुनी गाडी, ती चालवणार आणि मी बाजूला बसून सूचना करणार, अशी आमची नेहमीची वाटणी. पुण्यातून सहाच्या आत निघालात तर खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर रांग लागत नाही. आम्ही साडेसातला निघालो. खंबाटकी घाटात लोखंडी सळ्यांनी भरलेल्या एका ट्रकच्या मागे इतका वेळ चाललो, की त्या ट्रकच्या पाठीवर लिहिलेला आईचा महिमा मला अजून पाठ आहे. साताऱ्यात कंदी पेढे घेतले. ग्रामसभा जिंकली तर वाटायला आणि हरली तर आपल्याला खायला, असं मेधाचं म्हणणं.

पहिला थांबा कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात. गावांची नावं मी मुद्दाम लिहीत नाही, तिथल्या मुलांनीच तसं सांगितलंय. उसाचं, पाटाच्या पाण्याचं, खाऊनपिऊन सुखी गाव. घराघरात कुणी ना कुणी फौजेत. मेधाच्या गटातली अश्विनी इथली. तिनं आणि तिच्या सोबत्यांनी गावातली कचऱ्यानं भरलेली जुनी बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, साफ करायला घेतली होती. दर रविवारी तासभर काम, मग भेळ, असा त्यांचा साधा बेत. पोरं हौसेनं येत होती.

मग मदतीला धावून आले सुभेदार आबा. सत्तरी ओलांडलेले, ताठ कण्याचे, मिशी अजून ड्युटीवर. पुढची हकिकत त्यांनीच बारवेच्या काठावर उभं राहून सांगितली.

"आमी धा-बारा रिटायर फौजी. म्हटलं, पोरं चांगलं काम करत्यात, जरा डिसिप्लिन लावू. पाचला शिट्टी मारली. रांगेत फॉलिन केलं. हजेरी घेतली. उशिरा आला त्याला बारवंभोवती दोन चकरा."

"मग?" मी विचारलं.

"मग काय! पुढच्या रविवारी पाचला शिट्टी मारली तर आमी धा-बारा म्हातारीच फॉलिन. येक बी पोरगं न्हाई!"

अश्विनी तोंडाला ओढणी लावून हसत होती. नंतर काय झालं ते तिनं सांगितलं. ती आबांच्या घरी गेली, चहा घेतला आणि म्हणाली, "आबा, आवं तुमी या, पर शिट्टी माज्याकडं द्या." आबांनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी फौजेतून आणलेली ती पितळी शिट्टी तिच्या हातात ठेवली आणि विचारलं, "मला काय काम?" तिनं त्यांना गाळाच्या पाट्या उचलायला लावलं.

बारवेचा तळ आता दिसतो. पाणी हिरवट आहे, पण त्यात आभाळ दिसतं. अश्विनीच्या आईनं केलेली वांग्याची भाजी, भाकरी आणि ताज्या लोण्याचा गोळा खाऊन आम्ही निघालो, तर आबा कडक इस्त्रीच्या कपड्यांत गाडीपाशी हजर. गिरिजाच्या ग्रामसभेची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती. "मी येतो. आपन काय बोलनार न्हाई. पोरीच्या मागं बसायला माणूस पायजे." मागच्या सीटवर त्यांना बसवून आम्ही रहिमतपूरमार्गे कराड गाठलं. आबा पहिली पाच मिनिटं गाड्यांमध्ये किती अंतर ठेवावं ते मेधाला शिकवत होते. पुढचा सगळा रस्ता घोरत होते.

कराडहून पेठनाका आणि तिथून डावीकडे सांगली. या रस्त्याला वेळ हाताशी ठेवूनच निघा. सांगलीत स्टँडजवळच्या साध्या लॉजवर दोन खोल्या मिळाल्या, हजाराच्या आसपास एक. गरम पाणी सकाळी सहा ते आठ. संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर जाऊन बसलो. नदी भरपूर होती. उद्या जिथं जायचं तो याच जिल्ह्याचा तालुका, हे त्या पाण्याकडे बघून खरं वाटेना. भडंगाचा पुडा तिघांत संपला, आणि आबांनी एकट्यानं दुसरा संपवला.

सकाळी मिरजेवरून कवठेमहांकाळकडे लागलो. हायवे झकास आहे. द्राक्षांच्या बागा, बेदाण्याच्या शेडा, आणि मग नागज फाट्यावरून जतकडे वळलं की हिरवा रंग हळूहळू माघार घेतो. उघडं माळरान, काढणीला आलेली जोंधळ्याची ताटं, मधूनच रस्ता अडवून निवांत चाललेला मेंढ्यांचा कळप. गाडीत हवा भरण्याचं, पेट्रोलचं काय ते जतमध्येच उरका. आणि एक कळकळीची सूचना: पिण्याचं पाणी पुरेल एवढं सोबत न्या. तिथं कुणीही पाहुण्याला तांब्या भरून देतं, नाही म्हणत नाही. म्हणूनच आपण आपलं घेऊन जावं.

रेणुका उंबऱ्यात बसली होती. दोन वेण्या, शाळेचाच निळा फ्रॉक, उपड्या घातलेल्या बादलीवर भूगोलाचं पुस्तक. मला बघून ती धावत आली, पण अर्ध्यात थबकली आणि मान तिरकी करून रस्त्याकडे कान दिला. दुरून इंजिनाचा आवाज येत होता.

"आमचा न्हवं," ती म्हणाली. "ह्यो पलीकडच्या गावचा. आमचा चढाला खोकतोय."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. वर्गात असती तर भूगोलात पहिली आली असती ही पोर.

गिरिजा आतून आली. फोनवरच्या आवाजापेक्षा लहानखुरी, उन्हानं रापलेली. मी लिहून पाठवलेलं भाषण तिला तोंडपाठ होतं. मी खूश झाले. तिची आई, जिला मुली अव्वा म्हणतात, आमच्यासाठी चहा ठेवत कानडीत काहीतरी पुटपुटली. गिरिजा हसली. "अव्वा म्हनती, आज जर माजं कुनी ऐकलं न्हाई तर रेणुकाचं नाव काढून टाकू साळंतनं. नुसतं हजेरीपुरतं नाव कशाला ठेवायचं?" ती हसत सांगत होती, पण रेणुकाकडे बघायचं टाळत होती.

ग्रामसभा देवळापुढच्या लिंबाखाली भरली. पुढे सतरंजीवर पुरुष, कडेला कट्ट्यावर म्हातारी मंडळी, मागे भिंतीच्या सावलीला बायका. गिरिजाच्या गटातली सहा-सात पोरंपोरी एका बाजूला उभी. आम्ही बायकांत जाऊन बसलो. आबांना मात्र कुणी तिथं बसू देईना. फौजी माणूस, बाहेरगावचा पाहुणा! त्यांना खुर्ची आली, नारळ आला, टोपी आली.

आपल्याकडे पाहुण्याला टोपी घातली की पुढे काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. सरपंचबाई म्हणाल्या, "पोरास्नी कायतरी सांगायचंय म्हनं. पर आदी सुभेदारसायबांनी दोन शब्द बोलावं. त्यांनीच सांगावं काय करायचं ते." सगळ्यांनी माना डोलावल्या. आबांचा आवाज खणखणीत, हुद्दा मोठा. ते बोलले असते तर गावानं ऐकलंही असतं, आणि मग ते काम आबांचं झालं असतं.

आबा उठले. टोपी नीट केली. "मला काय बी ठावं न्हाई तुमच्या गावाचं," ते म्हणाले. "मी हितं ऐकायला आलोय. गिरिजाताई, बोल." आणि बसले.

गिरिजा पुढे आली. "आदरणीय व्यासपीठ, सन्माननीय ग्रामस्थ," माझंच वाक्य. "पाणी हेच जीवन," माझंच वाक्य. मी नकळत तिच्याबरोबर ओठ हलवत होते. चौथ्या वाक्याला ती अडली. मला पुढचा शब्द येत होता! मी अर्धी उठलेसुद्धा. मेधानं माझा पदर असा ओढला, की पिन निघाली. पुरुषांत कुजबूज सुरू झाली, कुणी हसलं. आबांचा हात खिशाकडे गेला, शिट्टी शोधायला, आणि रिकामाच परत आला.

गिरिजानं एकदा मागे, रेणुका जिथं होती त्या घराच्या दिशेला बघितलं. मग ती कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांकडे वळली आणि कानडीत बोलायला लागली.

या गावात वडीलधारी माणसं घरात कानडीच बोलतात. ते मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. मला एक शब्द कळत नव्हता. आता हात वर करायचा, आता क्षणभर थांबायचं, यातलं काहीही ती करत नव्हती. परकरपोलक्यातल्या पोरीनं अंगणात आजीशी बोलावं तसं बोलत होती. हसणं थांबलं. शेवटी तिनं काहीतरी विचारलं आणि उत्तराची वाट बघत उभी राहिली.

मग कट्ट्यावरचा एक म्हातारा खाली बघत म्हणाला, "सविता."

त्याच्या शेजारचा म्हणाला, "लक्ष्मी."

"भाग्यश्री." "सुरेखा." सतरंजीवरूनही आवाज यायला लागले. एकेक माणूस एकेक नाव घेत होता. मला कानडी येत नाही, पण त्या सगळ्या नावांत एकही मुलग्याचं नाव नव्हतं, एवढं मला कळलं. शेवटी गिरिजाच्याच वडिलांनी मान वर न करता म्हटलं, "रेणुका."

तिनं काय विचारलं ते नंतर तिनं सांगितलं: तुमच्या घरात टँकरची वाट बघायला कोण थांबतं, तेवढं ज्यानं त्यानं सांगा. बस, एवढंच.

गटाचं म्हणणं सरळ होतं. गल्लीतल्या एका मोठ्या माणसानं पाळीनं थांबायचं आणि टँकर आला की सगळ्यांची बॅरलं भरून द्यायची. यात घोडं कुठं अडणार ते पोरांना ठाऊक होतं. सतरंजीवरून एकजण म्हणालाच, "आन दुसऱ्याच्या बॅरलला हात कोन लावनार?" या प्रश्नाच्या पोटात जातपात आहे हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं, आणि तो शब्द उच्चारायची कुणाची तयारी नव्हती.

ज्यानं पहिलं नाव घेतलं होतं तो म्हातारा काठी टेकत उठला. मलाप्पा अज्जा म्हणतात त्यांना. आम्हा पाहुण्यांना कळावं म्हणून असेल, ते मराठीत बोलले. "मी दिसभर ह्या कट्ट्यावर बसून टँकर बघतोय. बघायचा तर हायच, मग पायप धरतो की. आन माज्या बॅरलला कुनीबी हात लावा. पयली पाळी माजी. सविता उद्या साळंला जानार."

सगळं गाव त्यांच्यामागे उभं राहिलं असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. दोन गल्ल्या तयार झाल्या, बाकीच्यांनी "बघू" म्हटलं. महिनाभर करून बघायचं आणि पुढच्या सभेत परत बोलायचं, असं ठरलं. गिरिजाची गल्ली त्या दोनांत होती. तिच्या वडिलांनी हात वर केला तेव्हा बायकांत बसलेल्या अव्वानं पदर डोळ्यांना लावला. पेढे वाटले. आबांनी टोपी काढून मलाप्पा अज्जांच्या डोक्यावर ठेवली.

जेवण गिरिजाकडेच. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, मटकीची उसळ, वर कच्चा कांदा. असं जेवण मी फार वर्षांत जेवले नव्हते. निघताना मी गिरिजाला म्हटलं, "माझं भाषण काही कामाला आलं नाही गं."

"तसं कसं, मावशी?" ती म्हणाली. "तुमी रोज फोन करत हुता. अव्वा म्हनायची, पुण्याची बाई येवढी वाट बघती म्हंजे तुज्या बोलन्यात कायतरी असंल. म्हनून मला रान सोडून सभंला येऊ दिलं तिनं."

परतीच्या वाटेवर मी मेधाला एकही सूचना केली नाही. मेधाला काळजी वाटून तिनं दोनदा विचारलंसुद्धा. सांगलीत रात्र काढून दुसऱ्या दिवशी आबांना त्यांच्या दारात सोडलं. ते उतरताना म्हणाले, "पुन्यात काय उचलायचं काम असलं तर सांगा." खंबाटकीचा बोगदा पार करून घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. नळ सोडून हातपाय धुतले, आणि नेहमीपेक्षा लवकर बंद केला.

हा प्रवास करावासा वाटला तर रस्ता वर लिहिलाच आहे, गाडी नसेल तर सांगलीहून जतला एसटी मिळते. पण तिथं बघण्यासारखं काय, असं विचाराल तर एक बारव, एक लिंबाचं झाड आणि काही माणसं. त्या माणसांनी मला आपल्यात बसू दिलं, मला गप्प बसवूनही उपयोगाचं मानलं, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. मेधाची तर आहेच. पदराला पिनेचं भोक पडलंय, ते मी रफू करणार नाही.

दुसऱ्या आठवड्यात मंगळवारीच, अकराच्या सुमाराला, सवयीनं गिरिजाच्या घरी फोन लावला. एक रिंग झाली. दुसरी झाली. मी खुर्चीत सरळ बसले. फोन वाजत वाजत बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा तसंच. नको नको ते मनात आलं. मेधाला फोन करायला निघाले, आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून तशीच खाली बसले.

संध्याकाळी तिकडूनच फोन आला.

"मावशी, सकाळी फोन केलावता व्हय तुमी? मी साळंत हुते की!"

"बरं झालं," मी म्हटलं. "मी सकाळी फोन केला तर उचलूच नकोस."